एकटीची साक्ष

प्राध्यापिका कॉलेजातून परत आली तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या तिच्या घराचं दार सताड उघडं होतं. किल्ली हातातच राहिली. गेल्या वीस वर्षांत दूधवाल्यालाही जिने दाराची साखळी पुरती काढून दिली नव्हती, तिला आपल्याच उंबऱ्यात उभं राहून चोरासारखं आत डोकावावं लागलं. आत चोर नव्हता, तिचा थोरला भाऊ होता. एकतीस वर्षांनी परतून त्याला चार दिवस झाले होते. जमिनीवर चटई टाकून, भिंतीला पाठ लावून तो बसला होता आणि श्वास मोजून घ्यावा तसा घेत होता. परदेशात जहाजं रंगवण्याच्या कामात त्याने फुप्फुसं घालवली होती. "भाई, दार उघडं टाकून बसतात का? कुणीही शिरेल," ती म्हणाली. "शिरू दे. काय नेईल, तुझी पुस्तकं?" तो हसला, मग खोकला. "बंद दार मला सोसत नाही, वकील. न्हाणीघराचंसुद्धा नुसतं लोटून घेतो, तू पाहिलं असशीलच." तिने पाहिलं होतं. पहिल्याच दिवशी पाहिलं होतं, आणि तेव्हापासून ती गोष्ट जिभेखाली गोळी ठेवावी तशी घोळवत होती. बंद दार सोसत नाही. कसं सोसेल? दार आपटून घेताना तिला एक सुख झालं, ते तिने नाकारलं नाही. छत्तीस वर्षं उलटली तरी पाप माणसाला बंद खोलीत एकटं बसू देत नाही, एवढं तरी अब्बांच्या शिकवणीतलं खरं निघालं म्हणायचं.

वकील हे तिचं घरातलं नाव. अब्बांनी ठेवलेलं. अब्बा मशिदीत मुलांना शिकवायचे आणि संध्याकाळी घराच्या पुढच्या खोलीत गल्लीतले तंटे मिटवायचे; कुणाची भिंत कुणाच्या हद्दीत गेली, कुणी कुणाला काय बोललं. ही सात-आठ वर्षांची पोर दाराआड उभी राहून मध्येच तोंड घालायची, "पण अब्बा, तो काल वेगळं बोलला होता," आणि सगळी खोली हसायची. अब्बाही हसायचे. त्याच खोलीत, त्याच चटईवर, ती दहा वर्षांची असताना अब्बा हसले नाहीत. त्यांनी तिला समोर उभं केलं, सगळं ऐकून घेतलं, आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुझी साक्ष धरता येत नाही. तू मुलगी आहेस, आणि एकटी आहेस." हे एक वाक्य. ह्या वाक्यावर तिने आयुष्य बांधलं. ह्या वाक्यासाठी ती कायदा शिकली, घर सोडलं, देव सोडला, नागरिकत्वाच्या हक्कांवर दोन जाडजूड पुस्तकं लिहिली. दर वर्षी नव्या वर्गासमोर पहिल्या तासाला ती हेच वाक्य फळ्यावर लिहायची आणि खडू खाली ठेवून म्हणायची, हे मला माझ्या वडिलांनी सांगितलं. मागच्या बाकावरची टवाळ पोरंसुद्धा मोबाइल खिशात घालायची. मग ती सांगायची की माणूस जन्मतः ना चांगला असतो ना वाईट; तो कायद्यापुढे एकटा उभा राहतो आणि त्याचं एकट्याचं म्हणणं पुरं धरलं जातं, तेव्हा तो नागरिक होतो. टाळ्या पडायच्या. ती त्यांना नको नको म्हणायची, आणि मोजायचीही.

साक्ष कशाची होती, ते ती वर्गात सांगत नसे. त्यांना आणखी एक बहीण होती, धाकटी, चार वर्षांची, सदानकदा कुणाच्या तरी मागे लागणारी. उन्हाळ्याची दुपार होती. गच्चीवर पत्र्याची खोली होती, तिच्यात थंडीतल्या रजया ठेवलेल्या असत. अम्मी खाली झोपलेली. धाकटीला सांभाळायचं काम चौदा वर्षांच्या भाईवर होतं आणि भाई मैदानात चेंडू लाथाडत होता. संध्याकाळी धाकटी सापडली ती त्या खोलीत, रजयांवर, बाहेरून कडी लागलेली. पत्रा इतका तापला होता की दार उघडणाऱ्या शेजाऱ्याने हात झटकला. कडी कुणी लावली, हा प्रश्न पुढच्या खोलीत आला. तिने सांगितलं, भाईने लावली, जिन्याच्या तळाशी उभी राहून मी पाहिलं. निळा शर्ट घातला होता त्याने. कडी घासली गेल्याचा आवाज आला. ती वाक्य न वाक्य नीट बोलली. अब्बांनी ते वाक्य उच्चारलं, आणि प्रकरण तिथंच मिटलं. कडी कुणी लावली ते गल्लीला कधीच कळलं नाही, म्हणजे गल्लीने आपापल्या मनाने ठरवलं आणि सगळ्यांनी भाईलाच ठरवलं. अम्मीने त्यानंतर त्याला स्वतःच्या हाताने कधी वाढलं नाही. ताट ठेवून ती उठून जायची. पाच वर्षं त्याने तसं खाल्लं आणि एकोणिसाव्या वर्षी जहाजावर चढला. पळाला, असं ती मनात म्हणत आली.

आणि आता तो तिच्या दारात आला होता, कारण दुसरं दार नव्हतं. तिकडे मजुराला नागरिकत्व देत नसत. काम संपलं की मुक्काम संपला. इकडचे त्याचे कागद वेळेवर नवे करून न घेतल्याने बाद झाले होते. नव्या कायद्याप्रमाणे अर्ज करायचा, तर अर्जदाराला अठराव्या वर्षाआधीपासून ओळखणाऱ्या एका नागरिकाची शीलाबद्दल साक्ष हवी. अम्मी-अब्बा गेले, गल्ली पाडून तिथं रस्ता झाला. उरली ती एकटी. साक्ष नाही मिळाली तर तीस दिवसांत देश सोडायचा. सोडून जायचं कुठं? ना इकडचा ना तिकडचा अशा लोकांसाठी बंदरामागे एक छावणी होती. तिथं आठ-आठ, दहा-दहा वर्षं माणसं पडून असतात हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्या छावणीवर तिचाच निबंध होता. तिथं खोल्यांची दारं बाहेरून बंद होतात, हेही तिनेच त्यात लिहिलं होतं.

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर तिने साक्षीचा छापील फॉर्म टेबलावर पसरला. नववा प्रश्न: अर्जदाराच्या हातून कधी कोणाच्या जिवाला अपाय झाल्याचे आपल्या माहितीत आहे काय? खाली बारीक टाइपात टीप: अठरा वर्षांखालील कृत्य धरले जाणार नाही, मात्र ते लपवल्याचे आढळल्यास अर्ज बाद होईल. ही टीप तिची होती. कायदा करणाऱ्या समितीत तिला तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं आणि तिथं ती म्हणाली होती, राज्याला निष्पाप माणसं नकोत, खरं बोलणारी हवीत. सभापतींनी ते वाक्य जसंच्या तसं टिपून घेतलं होतं. भावाच्या अर्जाची प्रत तिने पाहिली. नवव्या प्रश्नापुढे त्याने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: नाही.

"हे बदल," ती म्हणाली. आवाज तिने मुद्दाम मऊ ठेवला होता. वर्षानुवर्षं ह्या क्षणाची वाट पाहिल्यावर आता तिला उदार व्हायचं होतं. "भाई, खरं लिहून टाक. चौदा वर्षांचा होतास. कायदा ते धरतच नाही. एक ओळ लिहायची, माफी तिथल्या तिथे. तुमच्या तौबेसारखंच समज, फक्त इथे पावती मिळते." तो हसला नाही. "तुमची माफी चांगली आहे गं," तो म्हणाला. "पण आमचं उलटं आहे. मूल स्वच्छ जन्माला येतं, कमकुवत असतं, विसरतं. चूक झाली तर ती त्याच्या आणि देवाच्या मधली. दुसऱ्याने ती चावडीवर मांडायची नसते, झाकायची असते. जो दुसऱ्याचं झाकतो त्याचं वरचा झाकतो, असं अब्बा म्हणायचे." "हो, झाकली मूठ सव्वा लाखाची! म्हणूनच तुमच्याकडे सगळं झाकलेलं आणि आत कुजलेलं. हक्क कुठून आले मग तुझे? त्यानेच दिले का?" "त्यानेच. जीव दिला तेव्हाच दिले. म्हणून तर राजालाही ते काढून घेता येत नाहीत." "आणि तरी तू सरकारी खिडकीपुढे रांगेत उभा आहेस." "हो ना," तो म्हणाला, "देवाने दिलेलं माणसाच्या खिडकीतून घ्यावं लागतं, आणि तीही दुपारी एक ते दोन बंद." ह्यावर तिला हसू येत होतं. लहानपणी तो असाच बोलायचा. हसू आलं म्हणून ती अधिकच चिडली.

"आणि बायकांना काय दिलं त्याने? अर्धी साक्ष?" तिने ते वाक्य पुन्हा एकदा म्हटलं, वर्गात म्हणायची तसंच, थांबे घेत. भाऊ खाली बघत राहिला. "वकील, तो नियम देण्याघेण्याच्या करारापुरता आहे. कुणाच्या घरात काय घडलं त्याला तो लागत नाही. बहुतेक जाणकार तसंच सांगतात. अब्बांनाही ते माहीत होतं. त्याच खोलीत एका बाईच्या एकटीच्या साक्षीवर त्यांनी तिच्या नवऱ्याला घराबाहेर काढलं होतं, तुला आठवत नसेल." तिला आठवत होतं. इतकी वर्षं आठवतही होतं आणि त्याचा त्या वाक्याशी तिने कधी संबंध लावला नव्हता. "मग मला तसं का सांगितलं?" तिने विचारलं. "भाई, मला तसं का सांगितलं त्यांनी? तुला वाचवायला?" तो उठला, बाहेरचं दार उघडून आला, पुन्हा बसला. "मला हे लिहायला लावू नकोस. खाली शपथ आहे. मी केलं असं लिहिलं तर ते खोटं होईल," तो म्हणाला. "खोटं? मी पाहिलंय!" ती ओरडली. "मी माझ्या ह्या डोळ्यांनी पाहिलंय तुला कडी लावताना!"

मग त्याने सांगितलं. सांगताना आवाज चढला नाही. दुसरा चेंडू आणायला तो घरी आला होता, जिन्याखाली उभा होता, आणि वरून ती उतरत होती, एका पायावर लंगडत, हातात गणिताची वही. त्याने विचारलं, धाकटी कुठाय? ती म्हणाली, झोपलीय. त्याला खरं वाटलं आणि तो पुन्हा खेळायला गेला. ती स्वतः मग खालच्या खोलीत जाऊन वहीवर डोकं ठेवून झोपून गेली असणार. "संध्याकाळी तू माझं नाव घेतलंस, त्याआधीच मी अब्बांना सांगितलं होतं, एकट्यांना. ते म्हणाले, एक गेली. दोन उरलीत. त्यातल्या एकीला जन्मभर बहिणीचा जीव घेणारी म्हणून वाढवायचं का? ती विसरेल. तिला विसरू दे. तू गप्प बस. वकील, तुझी साक्ष धरली असती, तर माझीही धरावी लागली असती. म्हणून त्यांनी कुणाचीच धरली नाही. तुला काहीतरी कारण सांगायला हवं होतं, ते सांगितलं. तुला इतकं लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं." मग तो म्हणाला, "मला रागही होता तुझा. खोटं कशाला बोलू? पहिली दहा वर्षं फार होता. मग गेला. दहा वर्षांची होतीस गं."

"चोर तो चोर, वर शिरजोर," ती म्हणाली. आणखीही बरंच म्हणाली. भेकड म्हणाली, मेलेल्या बापाच्या तोंडी वाटेल ते घालतोस म्हणाली, तुमच्या धर्मातच आहे बाईवर ढकलायचं म्हणाली. तो ऐकत राहिला, अम्मीने ठेवलेलं ताट खाली मान घालून संपवायचा तसा. बोलता बोलता तिला आपलाच आवाज लांबून येऊ लागला, कारण तोंड चालू असताना दुसरीकडे ती ती कडी बघत होती. नेहमीसारखी. ही आठवण तिने इतक्या वेळा काढली होती की पायरीसारखी ती मध्ये झिजली होती. निळा शर्ट, हात, घासल्याचा आवाज, कडीवरचा गंज, गंजाचे सुटलेले पापुद्रे, खुंटीच्या टोकाला अडकलेला मेंढीच्या लोकरीचा धागा. आजवर तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं की जिन्याच्या तळाशी उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या पोरीला खुंटीवरचा धागा कसा दिसला. कडी उंच होती. अम्मीलासुद्धा टाचा उचलाव्या लागायच्या. पण आठवणीत ती डोळ्यांसमोर होती, नाकापासून वीतभर, आणि खाली, पायाखाली काहीतरी डळमळत होतं. पत्र्याचा डबा. उलटा घातलेला, उन्हात तापलेला, काठ असलेला. उजव्या तळव्याला तो काठ कसा चरचरला ते तिला आत्ता, बुटात, मोज्यात, फरशीवर उभं असताना कळलं. त्या आठवड्यात तिच्या तळव्याला फोड होता. घरात रडारड होती, फोड कशाचा हे कुणी विचारलं नाही. आतून धाकटीचा आवाज येत होता, आपा, आपा, आणि ती म्हणत होती, पाचच मिनिटं, मला गणितं करू दे, पाचच मिनिटं. ती खोटं बोलली नव्हती. खोटं बोलणाऱ्याला निदान खरं माहीत असतं. तिने भीतीच्या पोटी एक गोष्ट स्वतःला सांगितली होती आणि ती इतकी नीट सांगितली होती की त्या गोष्टीला नोकरी लागली, पुरस्कार मिळाले.

ती खुर्चीवर बसली. भाऊ तिच्याकडे बघत होता आणि तिला कळलंय हे त्याला कळलं होतं. "झालं गेलं," तो म्हणाला. "तुझ्याबद्दल फॉर्म काही विचारत नाही. तू नवव्या प्रश्नापुढे 'नाही' लिही. ते खरंच आहे, मी कुणाला काही केलेलं नाही. खोटं बोलायची गरज नाही तुला." मग तो उठून तिच्या जवळ आला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला, थोरल्या भावाने ठेवावा तसा. तो हात तिला सहन झाला नाही. धाकटीसाठी तिला रडू यायला हवं होतं. ते येत नव्हतं. येत होता तो संताप. ह्या माणसाने तिला केव्हाच माफ केलं होतं. ती फळ्यावर ते वाक्य लिहीत होती, टाळ्या मोजत होती, त्या सगळ्या काळात कुठल्यातरी जहाजाच्या पोटात हा रंगाची वाफ गिळत तिला माफ करून बसला होता. तिला न विचारता. आता तो इथंच राहील. शेजारी कुठंतरी खोली घेईल, दार उघडं टाकून बसेल, येता-जाता हसेल, आणि तिला बघितलं की त्याला सगळं माहीत असेल. त्याच्या तोंडून कधी एक शब्द निघणार नाही याची तिला खात्री होती, आणि तेच तिला नको होतं. गप्प बसणाऱ्याचं आपण देणं लागतो. ती कुणाचं काही देणं लागत नव्हती. ती स्वतंत्र नागरिक होती.

सकाळी तिने अंघोळ केली, इस्त्रीची साडी नेसली आणि साक्षीच्या कचेरीत गेली. भाऊ अजून चटईवर झोपला होता. कचेरीतल्या बाकावर बसून तिने फॉर्म भरला. अर्जदाराचं नातं: सख्खा भाऊ. ओळख: जन्मापासून. नवव्या प्रश्नापाशी पेन थांबलं, असं तिला नंतर वाटायचं; खरं म्हणजे थांबलं नाही. तिने लिहिलं: होय. पुढे दिलेल्या जागेत तारीख, जागा, मृत मुलीचं वय, निळा शर्ट, कडीचा आवाज, सगळं सुवाच्य अक्षरात मांडलं. कडीवरचा गंजसुद्धा लिहिला. तपशील असला की साक्षीला वजन येतं, हे ती मुलांना शिकवत आली होती. खिडकीतल्या बाईने तिला ओळखलं, तिच्या पुस्तकावर परीक्षा दिल्याचं सांगितलं, आणि शिक्का मारताना अदबीने म्हणाली, "मॅडम, सख्ख्या भावाबद्दल असं खरं लिहायला छाती लागते." ती म्हणाली, "कायद्यापुढे भाऊ-बहीण नसतं." हे बोलताना तिला स्वतःचा अभिमान वाटला. लाज वाटेल म्हणून तिने थोडी वाट पाहिली, पण तसं काही झालं नाही.

पुढचे आठ दिवस मात्र जीव टांगणीला लागला. भावाला दुसऱ्याच दिवशी कचेरीतून बोलावणं आलं आणि तिथूनच त्याला बंदरामागच्या छावणीत नेलं. विरोधात साक्ष आली की निर्णय होईपर्यंत तसाच नियम होता. साक्षीचा कागद अर्जदाराला दाखवावाच लागतो, त्याचा तो हक्क आहे. वाचून त्याने खाली 'मान्य' किंवा 'अमान्य' लिहायचं. अमान्य लिहिलं की चौकशी. दोघांना समोरासमोर बसवणार, जुन्या गल्लीतली म्हातारीकोतारी शोधणार, शेजारी जिवंत असला तर त्याला विचारणार की बाबा, त्या दाराशी एखादा डबा होता का. वर्गात शिकवताना फळ्यावरचं अक्षर बिघडायचं आणि ती खडूला दोष द्यायची. माझी खुर्ची जाईल, पुस्तकं परत घेतील, पोरं हसतील. धाकटी ह्या यादीत कुठंच नव्हती. तिने उत्तरं घोकून ठेवली. तो म्हणेल हिने केलं, मी म्हणेन छत्तीस वर्षं का गप्प बसला, विचारा. तो म्हणेल बापाने सांगितलं, मी म्हणेन त्या बापाच्या न्यायखोलीबद्दल माझी दोन पुस्तकं आहेत. जिंकणं कठीण नव्हतं. भाई बोलण्यात तिला कधीच पुरा पडला नव्हता.

नवव्या दिवशी दुपारी, दोन तासांच्या मध्ये, शिक्षकांच्या खोलीत फोन वाजला. अधिकाऱ्याचा आवाज तरुण होता, जरा अवघडलेला. "मॅडम, तुम्हाला यायची गरज पडणार नाही. त्यांनी 'मान्य' लिहिलंय." तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय लिहिलंय?" "मान्य. सही केलीय. मी दोनदा समजावलं त्यांना. म्हटलं, बाबा, अमान्य लिहिलंत तर चौकशी होईल, संधी आहे. मान्य लिहिलंत म्हणजे तुम्ही अर्जात लपवलंत असं होतं आणि अर्ज तिथंच बाद होतो. ते म्हणाले, माझी बहीण प्राध्यापक आहे, ती चुकीचं लिहिणार नाही." त्याने कागद चाळल्याचा आवाज आला. "मुळात खरं लिहिलं असतं तर सुटले असते हो. वयाची माफी होती. का लपवलं कुणास ठाऊक. बरं, आता दुसरी साक्ष शोधायला नको, तुमच्या एकटीच्या साक्षीवर भागलं." खोटं होईल म्हणून जी ओळ त्याने स्वतःच्या सुटकेसाठी लिहिली नव्हती, ती आता शपथेवर, तिच्यासाठी लिहिली होती. हे तिला समजलं. समजायला एक क्षणही लागला नाही, आणि त्या समजण्याच्या आतच सगळ्या अंगातून एक सैलपणा पसरत गेला. आता कुणी विचारणार नव्हतं. आता ते कागदावर होतं, दोघांच्या सह्यांनी.

"आणखी एक, मॅडम," अधिकारी म्हणाला. "त्यांना परवा तिथल्या कायमच्या विभागात हलवतील. तिथं भेटी बंद असतात. त्याआधी सख्ख्या नातेवाइकाला दहा मिनिटांच्या भेटीचा हक्क आहे. नाव लिहून ठेवू का? त्यांनी काही मागितलं नाही. फक्त विचारत होते, तुम्ही येणार आहात का."

"हक्क आहे ना?" तिने विचारलं. "सक्ती नाही?"

"छे छे, सक्ती कसली."

"मग नको," प्राध्यापिका म्हणाली. फोन ठेवून तिने डबा उघडला, आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवली.